मास्तरांची सही नसलेल्या वह्या

“मी देवासचा आहे,” एवढं म्हणून मास्तर डोक्यावरची पगडी उतरवायचे, ती वर्गातल्या खुर्चीवर नीट बसवायचे आणि मग राहिलेलं वाक्य पुरं करायचे, “आमच्याकडं एका गावात दोन राज्यं नांदतात. मग एका खोलीत तीन वर्ग का नांदू नयेत?”

ज्यांना देवास ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळी देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात होती. दोन राजे, दोन दिवाण, दोन कचेऱ्या. रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल, त्या बाजूला दुसऱ्याचा. अशा गावात लहानाचा मोठा झालेला माणूस कशालाच अडचण म्हणत नाही, असं मास्तरांचं म्हणणं. मला आधी ती बढाई वाटायची. पुढे पुढे वाटेनाशी झाली.

गोष्ट धारची, विसावं शतक नुकतं सुरू झालं होतं तेव्हाची. आमची शाळा लहान. इंग्रजी पाचवी, सहावी आणि मॅट्रिक हे वरचे तीन वर्ग मिळून पंचेचाळीस मुलं होती. त्यांना पूर्वी तीन मास्तर होते. एक इंदूरला गेले, एक वारले आणि तिसऱ्यांच्या जागी देवासहून हे आले. राहिलेल्या दोन जागा “लवकरच भरू” असं दरबारातून कळलं होतं. त्या ‘लवकरच’वर आम्ही चार वर्षं काढली. तिन्ही वर्ग एका मोठ्या खोलीत आणून बसवले आणि ते सगळे मास्तरांच्या गळ्यात पडले.

शेजारच्या खोलीत खालचे वर्ग शिकवणारा मी. वय एकवीस. मिसरूड धड फुटलेलं नव्हतं, तरी मास्तर मला ‘पंत’ म्हणायचे. तो आदर होता की थट्टा, हे मला कधी विचारवलं नाही.

माझी त्या दिवसांतली अवस्था सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत. मी रोज सगळ्या मुलांच्या सगळ्या वह्या उपरण्यात बांधून घरी न्यायचो. जेवताना डाव्या हाताला वही असायची. एकदा वरणाचा ओघळ एका पोराच्या निबंधावर गेला, तर आई म्हणाली, “अरे, भाताबरोबर वही कालवून खा म्हणजे एकदाचा सुटशील.” डोळे चुरचुरायचे, मुलांवर चिडचिड व्हायची आणि एवढं करून त्याच चुका दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर हजर. पण अंगात एक ताठा होता. जो मास्तर मरमर मरतो तोच चांगला, असं मी मानत होतो.

आणि शेजारच्या खोलीतला हा माणूस! साडेचारला शाळा सुटली की मुलांआधी मास्तर सुटलेले असायचे. हातात काठी, काखेत काही नाही. तलावाच्या कडेनं फेरी, वाटेत भाजलेला भुट्टा आणि अंधार पडायच्या आत घर. मी वह्यांचं गाठोडं सावरत त्यांच्या मागून चालायचो आणि मनात म्हणायचो, कामचुकार! तुमच्याही पाहण्यात असे शांतपणे चालणारे लोक असतील. आपण दमलेले असलो की त्यांचा फार राग येतो.

एक दिवस माझा संयम सुटला. मी विचारलं, “मास्तर, तुमच्या वह्या कोण तपासतं?”

“पोरं.”

“आणि तुम्ही?”

“मी पोरं तपासतो,” असं म्हणून त्यांनी अर्धा भुट्टा मोडून माझ्या हातावर ठेवला. “पंत, उद्या तुमच्या पोरांना पाढे लिहायला बसवा आणि तासभर माझ्या दारात येऊन उभे राहा.”

मी उभा राहिलो. त्यांनी तीन वर्ग तीन कोपऱ्यांत बसवलेले नव्हते. खोलीत पंधरा बाकं होती आणि प्रत्येक बाकावर तिघं: एक पाचवीचा, एक सहावीचा, एक मॅट्रिकचा. त्या तिघांना ते ‘तिवई’ म्हणायचे. “तिवई कधी लंगडत नाही पंत, जमीन कशीही असो. चार पायांची खुर्ची लंगडते.” म्हणूनच की काय, खुर्ची त्यांनी पगडीला देऊन टाकली होती आणि स्वतः दिवसभर बाकांमधून फिरत असायचे.

नियम असा. पाचवीच्या मुलाची वही सहावीचा तपासणार आणि खाली आपलं नाव घालणार. सहावीच्याची मॅट्रिकचा तपासणार. इथपर्यंत कुणालाही सुचेल. पण मॅट्रिकच्याची कोण तपासणार? तर पाचवीचा! मोठ्यानं आपलं गणित किंवा सिद्धांत लहानाला समजावून सांगायचा आणि लहानाला पटलं की त्यानं मोठ्याच्या वहीत लिहायचं ‘समजलं’ आणि खाली सही करायची. नाही पटलं, तर सही नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत सही पडली नाही, तर ती वही मास्तरांकडे जायची आणि तो प्रश्न फळ्यावर सगळ्यांपुढे सुटायचा. दिवसाला असे पाच-सहा प्रश्न यायचे. मास्तरांचं वह्या तपासणं म्हणजे तेवढंच.

“पण लहानाला खोटंच समजलं तर?” मी विचारलं.

“तर मी त्याला उठवून विचारतो. एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पडलं की पोरगं जन्मात खोटी सही करत नाही. मोठ्यांचं काही सांगत नाही मी.”

शिकवणंही तसंच. तीन वर्गांना तीन धडे नाहीत, एकच धडा, ज्यानं त्यानं आपल्या कुवतीनं उचलायचा. एकदा त्यांनी सगळी फौज किल्ल्याखाली नेली. बुरुजाची उंची काढायची होती, वर न चढता. पाचवीनं बुरुजाची आणि काठीची सावली मोजायची, सहावीनं त्यावरून त्रैराशिक मांडायचं, मॅट्रिकनं ते का खरं ठरतं हे भूमितीनं सिद्ध करून इंग्रजीत लिहायचं. पोरं दोऱ्या घेऊन पळतायत हे पाहून पहाऱ्यावरचा शिपाई धावत आला.

“अरे भिया, किल्ला कायको नाप रे हो? किसका हुकम हे?”

मास्तरांनी काठी वर केली. “सूरज का. उससे जाके पूछो, हम इधर खडे हैं.”

शिपाई वर बघत राहिला. मग तोच पोरांना दोरीचं दुसरं टोक धरू लागला. उंची निघाल्यावर त्यानं ती दोनदा विचारून घेतली आणि पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

मी मात्र बदललो नाही. बघून पटलं होतं, पण हात धजत नव्हता. आपल्या लाल खुणेशिवाय वही परत गेली तर आपण मास्तर कसले, ही भीती होती. मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. भुट्टा मात्र रोज अर्धा मिळत राहिला.

त्या वर्गातल्या एका बाकाची गोष्ट मला सांगायची आहे. त्यावर मॅट्रिकचा विनायक बसायचा, दरबारात मान असलेल्या घरातला. अंगावर मखमली बंडी, बोलणं मऊ, बुद्धी चांगली. त्याच बाकावर पाचवीचा गणपत, नालछ्याच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. धारला मावशीकडे राहून शिकत होता. मराठी त्याला समजायची, बोलताना मात्र माळवीच तोंडात यायची. आम्हाला तो ‘मास्साब’ म्हणायचा. या गणपतसारखा शंकेखोर पोरगा मी दुसरा पाहिला नाही. विनायक घाम गाळून सिद्धांत समजावायचा आणि हा शेवटी मान हलवून म्हणायचा, “नी समझ्यो.” कधी कधी विनायकाला चार-चार वेळा सांगावं लागे. त्यात विनायकाचं गणित असं पक्कं झालं की काय सांगू.

पण हे घरी कोण पाहतो? विनायकाच्या वडिलांना सगळे मामासाहेब म्हणत. त्यांनी एकदा मुलाची वही उघडली, तर पानोपानी ‘समजलं. गणपत.’ आणि मास्तरांची सही शोधून सापडेना. मामासाहेब तडक दिवाणसाहेबांकडे गेले. नालछ्याचं पोर आमच्या मुलाचे गुरुजी झालंय आणि गुरुजी तलावावर भुट्टे खातायत, अशी तक्रार.

तक्रारीत दुर्दैवानं खोटं काही नव्हतं.

आठ दिवसांनी कळलं की विद्याखात्याचे तपासनीस येणार आहेत. वरचे वर्ग नीट चालत नसतील तर ते बंद करून टाकायचे आणि ज्यांना परवडेल त्यांनी मुलं इंदूरला पाठवावीत, असं कचेरीत बोललं जात होतं. विनायक इंदूरला गेला असता. गणपत नालछ्याला बैलांमागे गेला असता आणि त्याच्यासारखे आणखी वीस-बावीस. मास्तरांची नोकरी तर जाणारच होती. मी त्यांना हे सांगायला गेलो तेव्हा ते पगडीवरची धूळ झटकत होते.

“येऊ द्या की,” ते म्हणाले. “वर्ग बघायलाच येणार ना? वर्ग आहे.”

“वह्या बघतील ते.”

“बघू द्या. वह्याही आहेत.”

तपासणीला चार दिवस राहिले असताना देवासहून माणूस आला. मास्तरांच्या वडिलांना वाऱ्याचा झटका आला होता. मास्तर तसेच निघाले. जाताना मला म्हणाले, “पंत, वर्ग चालेल. तुम्ही फक्त खिडक्या उघडत जा. तपासणीच्या दिवशी सकाळी मी येतोच.” बस्स, एवढंच. ज्या माणसाची भाकरी जायची होती तो मला खिडक्या उघडायला सांगत होता.

वर्ग खरंच चालला. मी खिडक्या उघडायचो, पोरं आपापल्या बाकावर कामाला लागायची. चालला नाही तो मी. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. माझ्या डोक्यात आलं की मास्तरांना वाचवायचं असेल तर आजच. शाळेची किल्ली माझ्याकडे होती आणि तपासणीसाठी सगळ्या वह्या शाळेतच ठेवून घेतलेल्या होत्या. मी पंचेचाळीस वह्या दोन गाठोड्यांत बांधल्या आणि घरी आणल्या. सकाळी बसलो तो दिवेलागणीपर्यंत उठलो नाही. प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण आणि खाली मास्तरांची सही. ती करायला सोपी होती, एक आडवी रेघ आणि तिला शेपूट. आईनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “कुणाच्या वह्या रे ह्या? तुझी पोरं तर एवढं बारीक लिहीत नाहीत.” मी पुढची वही ओढली.

मी वाचत काहीच नव्हतो, नुसत्या खुणा करत होतो. आणि खरं सांगायचं तर मॅट्रिकची भूमिती वाचली असती तरी मला त्यातलं फारसं कळलं नसतं. माझी धाव पाढ्यांपर्यंतच.

तपासणीच्या दिवशी मास्तर आले ते थेट टांग्यातून उतरूनच. डोळे लाल, धोतर धुळीनं भरलेलं. वडील वाचले होते, पण एक बाजू गेली होती. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पगडी काढून खुर्चीवर ठेवली आणि वर्ग सुरू केला. मला त्यांना काही सांगायला सवडच झाली नाही. किंवा मी सवड काढली नाही, असं म्हणू.

तपासनीस साहेब उंच, काटकुळे, पुण्याकडचे. त्यांच्याबरोबर मामासाहेबही आले होते. साहेब खुर्चीकडे वळले, तर खुर्चीवर पगडी. ती कुणी उचलेना, त्यांनाही उचलवेना. शेवटी ते सबंध तपासणी उभ्यानंच करत राहिले आणि मामासाहेबांना बाहेरून स्टूल आणून द्यावं लागलं.

साहेबांनी पहिल्याच बाकावरची वही उचलली. पान उलटलं, मान डोलावली. दुसरी उचलली. “वह्या तर नियमित तपासलेल्या दिसतात,” ते मामासाहेबांकडे पाहून म्हणाले. माझी छाती फुगली. मास्तरांच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदाच न कळल्याचे भाव दिसले. त्यांनी पुढे होऊन एका वहीत डोकावलं, ती लाल खूण पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या खुणेला खाली एक गाठ असते. दोन वर्षं ते माझ्या शेजारच्या खोलीत होते. त्यांना कळायला पळभरही लागलं नाही.

मग साहेबांनी विनायकाची वही उचलली.

ते पान त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि वही मास्तरांपुढे धरली. “हा सिद्धांत साफ चुकलेला आहे. त्यावर तुमची बरोबरची खूण आहे. आणि सही. ही सही तुमचीच ना?”

मामासाहेब स्टुलावर पुढे सरकून बसले. मास्तरांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर मी खोटी सही करणारा ठरणार होतो. ‘हो’ म्हटलं असतं तर स्वतःला भूमिती येत नाही अशी कबुली होती, आणि वर्ग तिथेच बंद. बोलायचं मला होतं आणि माझी जीभ उचलत नव्हती. ते दोन-तीन श्वास मी आयुष्यभर विसरलो नाही.

मास्तर शांतपणे म्हणाले, “वही माझ्या वर्गातली आहे. जबाबदारी माझी.”

“म्हणजे तुम्ही न वाचता सह्या करता!”

तेवढ्यात बाकावरून आवाज आला, “साब, इसपे मेरी दस्तखत नी हे.”

गणपत उभा राहिला होता. साहेबांनी चष्मा खाली घेऊन त्याच्याकडे पाहिलं. “तू कोण? कितवीत आहेस?”

“पाचवी में. ये वही में देखूँ हूँ. मने समझ्यो नी, तो मने दस्तखत नी करी.”

साहेबांना काही उमगेना. मास्तरांनी दोन वाक्यांत वर्गाचा नियम सांगितला. साहेब विनायकाची वही उलट चाळू लागले. मागच्या प्रत्येक पानावर होतं ‘समजलं. गणपत.’ फक्त या एका पानावर नव्हतं. मास्तर देवासला गेल्यामुळे ते पान अडून राहिलं होतं आणि त्यावर होती ती फक्त माझी लाल खूण.

“काय समजलं नाही तुला?” साहेबांनी विचारलं.

गणपत फळ्यापाशी गेला. बोटानं हवेत एक गोल काढून म्हणाला, “साब, भैया घूम के वईं आ गया. जो साबित करना हे, वो इनने पेले ई मान लिया.”

एका बारा वर्षांच्या पोरानं मॅट्रिकच्या सिद्धांतातली नेमकी खोट सांगितली होती आणि शाळेतल्या मास्तरानं तीच डोळे झाकून पास केली होती.

त्या क्षणी मी उठलो. खरं तर उठलो असं म्हणणं मोठेपणाचं होईल, मला बसवेना. “साहेब, ती खूण माझी आहे. सहीही माझी. मास्तरांना यातलं काही ठाऊक नाही. काल मी सगळ्या वह्यांवर...”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. “हे खरं?”

“खरं आहे,” मास्तर म्हणाले. “पंतांनी मला वाचवायला केलं. असा वाचवणारा जवळ असला की माणसाला वैरी लागत नाही.”

वर्ग हसला. साहेबही हसले असावेत, पण त्यांनी मिशी पुसल्यासारखं केलं. एवढ्यात विनायक फळ्यापाशी पोचला होता. कान लाल झालेले, तरी त्यानं खडू उचलला, चुकलेली पायरी पुसली आणि सिद्धांत पहिल्यापासून मांडला. मांडून झाल्यावर त्यानं साहेबांकडे पाहिलं नाही, वडिलांकडे पाहिलं नाही. गणपतकडे वळून विचारलं, “अब?”

गणपतनं एकेक ओळ बोटानं चाचपली. सगळी खोली त्याच्या बोटाकडे पाहत होती. दरबारात मान असलेले मामासाहेबसुद्धा. शेवटी तो म्हणाला, “हाँ. अब समझ्यो.” आणि जागेवर जाऊन त्यानं वहीत सही केली.

साहेबांनी आणखी दोन तास घेतले. या बाकावरचा लहान उठव, त्या बाकावरचा मोठा उठव असं करून त्यांनी पोरांना पिळून काढलं. जाताना शेरेवहीत काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही, पण वर्ग बंद झाले नाहीत. मामासाहेब निघताना मास्तरांशी काही बोलले नाहीत. मात्र नव्या वर्षात त्यांनी आपला धाकटा मुलगाही आमच्याच शाळेत घातला आणि तो बाकावर कुणाशेजारी बसणार, हे विचारलं नाही.

माझी शिक्षा साहेबांनी मास्तरांवर सोपवली होती. मी मान खाली घालून त्यांच्यापुढे उभा राहिलो.

“एक वर्ष घरी एकही वही न्यायची नाही,” मास्तर म्हणाले. “एकही. सापडली तर सरळ दिवाणसाहेबांकडे नेईन तुम्हाला.”

ती शिक्षा फार कठीण होती. पहिले आठ दिवस रिकाम्या हातांचं काय करावं तेच कळेना. मग माझ्या लहानग्यांतही तिवया बसल्या. महिन्याभरात पोरं एकमेकांच्या चुका माझ्यापेक्षा कडकपणे काढू लागली आणि मी त्यांच्याकडे बघायला मोकळा झालो. कोणतं पोर दूरचं दिसत नाही म्हणून मागे पडतंय, कोणतं उपाशी येतंय, हे मला इतकी वर्षं दिसलंच नव्हतं. माझी मान तेव्हा वहीत असायची. आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, मी मास्तर झालो तो त्या वर्षी.

त्यानंतर दोन वर्षांत गणपत मॅट्रिकला पोचला. मास्तरांच्या वडिलांची दुसरीही बाजू गेली. देवासला पाहणारं कुणी नव्हतं. एका संध्याकाळी तलावाच्या वाटेवर मास्तर मला म्हणाले, “पंत, उद्यापासून मी नाही. तिकडंच एखादी शाळा बघीन. पोरांना सांगू नका.”

“न सांगता कसं चालेल?”

“निरोप दिला की रडारड होते, हारतुरे होतात, दोन दिवस फुकट जातात. त्यांनी विचारलं की सांगा. आणि किती दिवसांनी विचारलं ते मला कळवा.”

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वर्गाला पाढे देऊन त्या खोलीत गेलो. खुर्ची रिकामी होती. पण पोरं आधीच कामाला लागली होती. एका बाकावर भांडण चाललं होतं, दुसऱ्यावर समजावणं. मास्तर आहेत कुठे, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. पूर्वीही ते मधून मधून देवासला जायचेच. अडलेले प्रश्न गणपतनं फळ्यावर मांडले आणि दहा-बारा डोकी त्यांच्यामागे लागली. मला मास्तरांच्या वतीनं अपमान वाटला, अगदी खरा राग आला.

दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी एका पाचवीच्या मुलानं मान वर करून विचारलं, “मास्साब गए क्या?” मी म्हटलं, “गेले.” हळूहळू सगळी खोली थांबली. गणपत खडू हातात धरून तसाच उभा राहिला. मग कुणीतरी हुंदका दिला आणि मास्तरांना नको होती ती रडारड झालीच. मीही त्यात होतो, हे लपवत नाही.

मी देवासला कार्ड टाकलं, “तिसऱ्या दिवशी विचारलं.” आठवड्यानं उत्तर आलं. एकच ओळ होती. “मला चार वाटले होते, पोरं अजून थोडी कच्ची आहेत.” मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. असा निर्धास्त माणूस, असं आम्ही कितीतरी दिवस म्हणत होतो.

मास्तर परत धारला आले नाहीत. चार-पाच वर्षांनी देवासलाच ते वारल्याचं कळलं. त्या सुमारास मी एकदा इंदूरला निघालो होतो. टांगेवाला जुना, ओळखीचा. मास्तरांनी धार सोडली त्या दिवशी त्यांना त्यानंच नेलं होतं. बोलता बोलता मी त्याला कार्डाची गोष्ट सांगितली, तर तो हसला नाही.

“मास्साब उस दिन सुबू सीधे नी गए थे,” तो म्हणाला. “सामान टांगे में रखवा दिया, फिर बोले, जरा रुको. इस्कूल के पीछे वाली दिवाल हे ना, उधर जाके खडे हो गए. खिडकी के नीचे. घंटा भर खडे रिये होंगे. मेरा घोडा बिगडने लगा तो मैंने आवाज दी.”

“काय करत होते तिथं?”

“कुछ नी. सुन रिये थे.” त्यानं लगाम सैल सोडला. “मैंने पूछा, किसीको बुला दूँ क्या मास्साब? तो हाथ से ना बोले. अंदर बच्चे लोग जोर-जोर से बोल रिये थे, पर इनका नाम कोई नी ले रिया था.”